वास्तू तीच, वापर नवा

मुंबईच्या गिरणगावातून जाताना अजूनही एखादे उंच धुरांडे दृष्टीस पडते. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. परंतु दगडी भिंती, लांबलचक छपरे आणि विस्तीर्ण आवारे मात्र मागे राहिली. जेथे माग चालत होते तेथे कचेऱ्या आल्या, दुकाने आली, रात्री उशिरापर्यंत गजबजणारी उपाहारगृहे आली. ही गोष्ट केवळ मुंबईची नव्हे. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या माडीवर शिकवण्यांचे वर्ग भरतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे जुन्या वाड्यांतून शाळा आणि कचेऱ्या थाटल्या जातात, दिल्लीच्या वसाहतींत राहत्या बंगल्याचे शुश्रूषागृह होते आणि तळघरात अभ्यासिका निघते. आपल्या देशात वास्तू सहसा पाडली जात नाही, तिला नवे काम दिले जाते. यात काटकसर आहे आणि जुन्याविषयीची आस्थाही आहे. त्यात गैर असे काहीच नाही.

मात्र माणसाने धंदा बदलला म्हणजे त्याला नव्या धंद्याचे शिक्षण घ्यावे लागते. इमारतीच्या बाबतीत ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. भिंतींना नवा रंग लागतो, दारावर नवी पाटी चढते, उद्घाटनाचा नारळ फुटतो. परंतु जिना पूर्वीचाच असतो, दारे पूर्वीचीच असतात आणि विजेच्या तारा तर कित्येकदा आजोबांच्या काळच्या असतात. पूर्वीच्या वापराला हे सर्व पुरेसे होते. नव्या वापराला ते पुरेल किंवा नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही आणि मग एखाद्या रात्री आगच तो विचारते.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग सर्वस्वी आगीपासून होणाऱ्या जीवितरक्षणाला वाहिलेला आहे. ही संहिता इमारतीकडे पाहते ती तिच्या विटा-चुन्याकडे पाहून नव्हे, तर आत कोण वावरते आणि काय करते हे पाहून. निवास, शिक्षण, रुग्णालयादी संस्था, सभा-समारंभ, कचेऱ्या, व्यापार, कारखाने, गोदामे आणि धोकादायक पदार्थांची ठिकाणे असे तिने इमारतींचे नऊ वर्ग केले आहेत. बांधणी एकाच नमुन्याची असली तरी दोन इमारती या दृष्टीने अगदी निराळ्या ठरू शकतात.

हे कसे, ते एका हिशेबावरून चटकन ध्यानात येईल. तीनशे चौरस मीटरचा एक मजला घ्यावा. तेथे गोदाम असेल तर संहिता एका माणसामागे ३० चौरस मीटर जागा धरते. म्हणजे त्या मजल्यावर १० माणसे असतील असे मानते. तेथे बिऱ्हाडे असतील तर माणशी १२.५ चौरस मीटर, म्हणजे २४ माणसे. कचेरी काढली तर माणशी १० चौरस मीटर, म्हणजे ३० माणसे. शिकवणीचा वर्ग काढला तर माणशी ४ चौरस मीटर, म्हणजे ७५ विद्यार्थी. आणि माणशी अवघी दीड चौरस मीटर जागा ठेवून, टेबल-खुर्च्या मांडून उपाहारगृह थाटले तर २०० माणसे. एकही भिंत हलली नाही, एकही वीट निघाली नाही. परंतु दहांचे दोनशे झाले. आता या माणसांना खाली उतरण्यासाठी संहिता माणशी १० मिलिमीटर या प्रमाणात जिन्याची रुंदी मागते. दोनशे माणसांना दोन मीटर रुंदीचा जिना हवा. राहत्या घराच्या जिन्याला मात्र एक मीटर रुंदी पुरेशी मानलेली असते. म्हणजे बिऱ्हाडांच्या मजल्यावर उपाहारगृह आले की निम्मी माणसे, निदान कागदावर, जिन्याबाहेर राहतात. प्रत्यक्षात ती जिन्याच्या तोंडाशी एकमेकांवर रेलतात.

हिशेब केवळ डोक्यांचा असता तर तो सोपा होता. त्याच मजल्यावर रुग्णालय काढले तर काय होते पाहा. आतल्या रुग्णांसाठी संहिता माणशी १५ चौरस मीटर धरते. म्हणजे माणसे भरतात २०. राहत्या घरातल्या २४ हूनही कमी! असे असता रुग्णालयाच्या जिन्याला दोन मीटर रुंदी मागितली जाते आणि माणशी १० ऐवजी १५ मिलिमीटरचा हिशेब लागतो. कारण उघड आहे. घरातला माणूस उठून पळतो. खाटेवरच्या रुग्णाला उचलून न्यावे लागते. त्याच्या नाकात नळी असेल, हाताला सलाईन लावलेले असेल, कदाचित तो शुद्धीवरही नसेल. संहितेतल्या रुक्ष आकड्यांमागे अशी माणसे उभी असतात आणि म्हणूनच ते आकडे अधूनमधून उलगडून पाहण्यासारखे आहेत.

वापर बदलला की त्या बदलाचा स्पर्श ज्या ज्या भागाला होतो, त्या सर्व भागांना नव्या वापराचे नियम लागू होतात, असे संहितेचे सूत्र आहे. यावर मालकवर्गाचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ‘इमारत पन्नास वर्षे उभी आहे, तिला कधी काही झाले नाही, आताच नवे नियम कशाला?’ वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. वस्तुतः त्या पन्नास वर्षांत इमारतीने जी परीक्षा दिली, ती गोदामाची होती किंवा घराची होती. उपाहारगृहाची परीक्षा तिने अजून दिलेलीच नाही.

आगीविषयी एक समजूत मोठी चिवट आहे. माणसे ज्वाळांनी मरतात, असे सामान्यतः मानले जाते. बंद इमारतींतील आगीत बहुसंख्य बळी घेतो तो धूर. फोम, प्लॅस्टिक, रेक्झिन, थर्मोकोल यांसारखे पदार्थ पेटले म्हणजे जो काळा, दाट धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो, माणसाला भोवळ येते आणि दार चार पावलांवर असताना तो खाली कोसळतो. तापलेला धूर वर धाव घेतो. त्याला वाट मिळते ती जिन्याच्या पोकळीतून. बंदिस्त दारे नसलेला जिना आगीच्या वेळी धुरांड्याचे काम करतो, हे शब्दशः खरे आहे. ज्या वाटेने माणसांनी उतरायचे, त्याच वाटेने धूर चढतो. म्हणून जिन्याला आग सोसणाऱ्या भिंती हव्यात आणि प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारे, धूर अडवणारे दार हवे, असा नियमाचा आग्रह असतो. ते दार पाचर मारून किंवा कुंडी ठेवून उघडे ठेवणे ही आपल्याकडील सर्रास आढळणारी खोड आहे.

येथे जुन्या बांधणीच्या बाजूनेही दोन शब्द सांगणे न्याय्य होईल. वाड्यातील सागवानी तुळई पाहून ती धोक्याची वाटते. परंतु जाड लाकूड सावकाश जळते. त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर जमतो आणि तो थर आतल्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो. आग मिनिटाला मिलिमीटरभरही आत शिरत नाही. उलट उघडी लोखंडी तुळई जळत नसली तरी सुमारे साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तिची निम्मी ताकद जाते आणि ती वाकते. तेव्हा लाकूड काढून लोखंड घातले की वाडा निर्धोक झाला, असे समजू नये. वाड्याचा खरा धोका अन्यत्र असतो. भिंतीच्या जाडीतून गेलेला, एका वेळी एकच माणूस मावेल असा चढाचा जिना. वाकून जावे लागणारा दिंडी दरवाजा. आणि नव्या भाडेकरूने शोभेसाठी छताखाली मारलेल्या फळ्या, ज्यांच्या आड उंदरांनी कुरतडलेल्या विजेच्या तारा दडलेल्या असतात. चौकामुळे धुराला आकाश मोकळे असे. त्या चौकावर पत्रे घातले की तीही सोय संपते.

नव्या वापराबरोबर येणाऱ्या वातानुकूलनानेही असाच घोटाळा होतो. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या जातात, दर्शनी भागावर काचेचा पडदा चढतो. मग धुराला बाहेर जाता येत नाही आणि माणसांना हात बाहेर काढून मदत मागता येत नाही.

कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे हे सर्व एकदम घडले. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघराला मंजुरी होती ती मोटारी उभ्या करण्याची; तेथे साठविले होते ज्वालाग्राही सामान. आग लागली तळघरात, परंतु सुमारे नव्वद माणसे मरण पावली ती वरच्या मजल्यांवर. त्यांत बहुतेक रुग्ण होते. वातानुकूलनाच्या नळांतून धूर वर चढला आणि काचेच्या भिंतींनी तो आत कोंडून ठेवला. रुग्णालयाचा वापर येथे बदलला नव्हता, बदलला होता फक्त तळघराचा. इमारतीच्या एका कोपऱ्याने धंदा बदलला तरी त्याचे परिणाम सर्व इमारतीला भोगावे लागतात, याचे याहून दारुण उदाहरण सापडणे कठीण.

दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे जे घडले त्याचा प्रकार निराळा होता. दाट वस्तीतील, अरुंद गल्लीतील त्या घरात पिशव्या आणि तत्सम वस्तू बनविण्याचे छोटे कारखाने चालत. दिवसा काम करणारे मजूर रात्री तेथेच निजत. म्हणजे एकच वास्तू दिवसा कारखाना, रात्री वसतिगृह आणि सदासर्वदा गोदाम होती. खिडक्यांना लोखंडी गज होते. ४३ मजूर गेले, त्यांतील बहुतेक झोपेतच गुदमरले. घरदार सोडून पोटासाठी आलेल्या या माणसांपैकी पुष्कळांचे मूळ गाव बिहारात होते. कामावर येताना जिना किती रुंद आहे, हे पाहण्याची मुभा अशा माणसाला कोठे असते?

आणि सुरतेची हकीकत तर देशातील प्रत्येक आईबापाच्या स्मरणात राहील. २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या माथ्यावरील मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू असताना आग वर चढली. माणसांची सर्वांत जास्त गर्दी सर्वांत वरच्या, छपराखालच्या जागेत होती आणि तेथून सुटकेची धड वाट नव्हती. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जणांचा अंत झाला. दुकानात येणारे गिऱ्हाईक इकडेतिकडे विखुरलेले असते, त्याला बाहेरची वाट ठाऊक असते. वर्गातील साठ-सत्तर मुले एकाच दाराकडे एकाच क्षणी धावतात. गाळा आणि वर्ग यांत हाच फरक आहे आणि भाडेचिठ्ठीवर तो कोठेच दिसत नाही.

मुंबईच्या ज्या गिरणगावाचा आरंभी उल्लेख झाला, तेथील एका जुन्या गिरणीच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. गच्ची ही मोकळी जागा. तिच्यावर आच्छादन घातले की ती खोली होते आणि आच्छादन पेट घेणारे असले की तो सापळा होतो. मृतांपैकी बऱ्याच जणांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता. बाहेरची वाट अंधारात आणि धुरात दिसली नाही म्हणजे माणूस पाण्याच्या दिशेने जातो. तेथून पुढे वाट नसते. उजेड जाताच आपोआप पेटणारे, बाहेरची दिशा दाखविणारे दिवे हा संहितेतील अगदी किरकोळ खर्चाचा भाग आहे. पुष्कळ ठिकाणी नेमका तोच गाळला जातो.

याच गिरण्यांच्या इतिहासात एक उलटे उदाहरणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील आणि इंग्लंडातील कापडगिरण्यांनी आगीवर तोडगा म्हणून छताखाली पाण्याचे नळ आणि त्यांना स्प्रिंकलर बसवावयास सुरुवात केली. हेन्री पार्मली याने १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी असे उपकरण बनविले, पुढे फ्रेडरिक ग्रिनेल याने त्यात मोठी सुधारणा केली. स्प्रिंकलरच्या तोंडाशी असलेला धातूचा तुकडा किंवा काचेची कुपी साधारण ६८ ते ७० अंशांना वितळते वा फुटते आणि पाणी सुटते. चित्रपटांत दाखवितात तसे सर्व नळ एकदम सुटत नाहीत. ज्याला धग लागते तोच उघडतो. विमा कंपन्यांनी अशा गिरण्यांचा हप्ता कमी केला, म्हणून मालकांनीही आनंदाने खर्च केला. म्हणजे कापसाचे रक्षण करण्याची विद्या गिरण्यांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळापासून अवगत होती. त्यांच्याच जागेत आलेल्या माणसांच्या वाट्याला ती सर्वत्र आली नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. राष्ट्रीय इमारत संहिता ही स्वतः कायदा नव्हे, ती शिफारस आहे. अग्निशमन हा घटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांकडे सोपविता येणारा विषय. राज्यांनी आणि महापालिकांनी संहिता आपल्या नियमावलीत घेतली म्हणजे ती बंधनकारक होते. त्यामुळे राज्याराज्यांत तपशिलाचा फरक पडतो. हैदराबादेतील किंवा बेळगावातील मालकाने मुंबईचा नियम पाहून चालत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. आगीपासून संरक्षणाची साधने बसविणे आणि ती चालू स्थितीत राखणे ही जबाबदारी त्याने मालकावर आणि प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. साधने चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत द्यावा लागतो. व्यवस्था चांगली आहे. तथापि दाखला हा पंप चालतो किंवा नाही हे सांगतो. गेल्या जुलैत जेथे चार टेबले होती तेथे या जानेवारीत चाळीस झाली, ही गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यालाच कळते.

कारण वापर पुष्कळदा नाव न बदलताच बदलतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक गुदमरून मरण पावले. ते बांधले तेव्हाही चित्रपटगृह होते, आग लागली तेव्हाही चित्रपटगृहच होते. परंतु मधल्या काळात सज्जात जादा खुर्च्या घातल्या गेल्या आणि त्यांनी बाहेर पडण्याची एक बोळकांडी गिळली. अशा बदलासाठी कोणी अर्ज करीत नाही, कोणी पाटी लावीत नाही.

मग जुनी वास्तू नव्या कामाला घ्यावीच कशी? अनुभवी स्थापत्यविशारद आरंभ नकाशाने करतात, सजावटीने नव्हे. प्रथम मोजायचे ते माणसांना आणि नंतर जिन्याला. माणसे जास्त भरली तर तीन मार्ग असतात. दुसरा जिना बांधावा. तो आत मावत नसेल तर मागील अंगास बाहेरून लोखंडी जिना काढता येतो, मात्र त्याची रुंदी सव्वा मीटर तरी हवी आणि चढ ४५ अंशांपेक्षा अधिक नको. भिंतीवर ठोकलेली शिडी म्हणजे जिना नव्हे. दुसरा मार्ग, माणसे कमी करावीत. दोनशेंच्या जागी साठच पाने मांडावीत आणि तो आकडा दारावर लिहावा. तिसरा मार्ग, तो बेत सोडून द्यावा. काही जागा काही कामांसाठी योग्य नसतातच आणि हे स्पष्ट सांगणारा सल्लागार मालकाला अप्रिय झाला तरी तोच त्याचा खरा हितकर्ता असतो. लिफ्ट या हिशेबात धरली जात नाही, कितीही मोठी असली तरी. मजल्यांतून वरपर्यंत गेलेल्या तारा-नळांच्या पोकळ्या प्रत्येक मजल्यावर भरून घ्याव्या लागतात. तारांवरचा भार नव्याने मोजावा लागतो. दोन पंखे आणि चार दिवे यांसाठी घातलेल्या तारेवर चार वातानुकूलन यंत्रे आणि एक विजेची भट्टी चालत नाही.

रुग्णालयासाठी आणखी एक युक्ती आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. मजला मधोमध आग सोसणाऱ्या भिंतीने दुभागावा आणि त्या भिंतीत खाट जाईल एवढे दार ठेवावे. एका बाजूला आग लागली तर रुग्णाला जिन्यावरून खाली नेण्याची घाई नको; खाट ढकलीत त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या भागात न्यावी, दार मिटावे आणि अग्निशामक दल येईपर्यंतचा वेळ मिळवावा. मुंबईच्या भांडुप भागात एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर करोनाच्या साथीत रुग्णालय चालत होते. मार्च २०२१ मधील एका रात्री खालच्या दुकानांच्या भागात आग लागली आणि धूर त्या रुग्णालयात शिरला. सत्तरांहून अधिक रुग्णांना बाहेर काढावे लागले. सर्वच वाचले नाहीत. साथीच्या घाईत खाटा वाढविणे भागच होते, हे नाकारता येत नाही. परंतु खालचे शेजारी कोण, हा प्रश्न खाटांच्या आधी यावयास हवा होता.

शेवटी राहतो तो कुलपाचा प्रश्न. दुसरा जिना असूनही त्याच्या दाराला कुलूप घातलेले पुष्कळदा आढळते. मालकाची अडचण खोटी नसते. त्या वाटेने चोर शिरतो, बिल न देता गिऱ्हाईक निसटते, विद्यार्थी वर्ग बुडवतात. किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि आगीच्या वेळी पहारेकरी कोठे असेल ते सांगता येत नाही. या अडचणीवर साधे यांत्रिक उत्तर आहे. दाराच्या आतील बाजूस कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा बसविता येतो. बाहेरून ते दार उघडत नाही. आतून त्या दांड्यावर कोणाचाही भार पडला, मग तो अंधारात चाचपडणाऱ्या लहान मुलाचा का असेना, की दार बाहेरच्या बाजूला उघडते. त्याला किल्ली लागत नाही.